कोणाच्या सूचनेनुसार?

गेल्या वर्षीची गोष्ट. गौरीजेवणाचा दिवस होता. रात्री साडेदहाच्या सुमारास हळदीकुंकवाच्या शेवटच्या बायका घरी गेल्या. सौ. उरलेल्या पुरणपोळ्या डब्यात भरत होती आणि मी आरामखुर्चीत अंग टाकून डुलकीच्या वाटेवर होतो. एवढ्यात भाचीचा फोन वाजला. ही माझी धाकट्या बहिणीची मुलगी. पुण्यात एका कंपनीत संगणक अभियंता आहे आणि सणाला आमच्याकडे आली होती. फोनवर दोन-तीन वाक्यं बोलली, नेसती पैठणी तशीच खोचली आणि मधल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली.

‘एवढ्या रात्री काय गं?’ मी विचारलं.

‘या आठवड्यात माझी पाळी आहे मामा. रात्री-अपरात्री काही बिघडलं तर मला उठवतात. तू झोप.’

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला असं सांगून झोप येत नाही. तिजोरीची किल्ली उशाशी घेऊन झोपण्याची सवय होती एके काळी. मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो.

तिची कंपनी घरी माणूस पाठवून रक्ताचे नमुने गोळा करते. गिऱ्हाईक संकेतस्थळावर नाव, पत्ता, वेळ भरतं, पैसेही तिथंच भरतं, की काम झालं. त्या रात्री एका सत्तरीच्या गृहस्थांच्या मुलानं तक्रार केली होती. वडिलांचं दुसऱ्या दिवशी दुपारी ऑपरेशन, त्याआधी सकाळी उपाशीपोटी रक्त तपासायचं. रात्री नऊ चाळीसला पैसे भरले, खात्यातून दोनदा गेले आणि नमुना घ्यायला येणार असल्याची नोंद मात्र कुठंच नाही! पैशांचं नंतर बघता आलं असतं. पण सकाळी माणूस जाणार की नाही? आणि भाचीला पडलेला त्याहून मोठा प्रश्न म्हणजे, हे एकाच माणसाचं झालंय की शेकडोंचं?

हे कळण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे ‘लॉग’. संगणकाचा कार्यक्रम चालत असताना आपण काय केलं ते तो एकेक ओळ लिहून ठेवत जातो, ती ही वही. शब्द मूळचा दर्यावर्दी लोकांचा. दोरीला अंतराअंतरावर गाठी मारून, टोकाला लाकडाचा तुकडा बांधून तो पाण्यात सोडायचा आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजून जहाजाचा वेग काढायचा. तो लाकडाचा तुकडा म्हणजे लॉग. वेगाची नोंद ज्या वहीत व्हायची ती लॉगबुक. जहाज बुडालं, तर निदान कुठं आणि कसं बुडालं हे त्या वहीवरून कळावं, ही अपेक्षा.

भाचीनं ती वही उघडली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. नऊ चाळीसच्या नोंदी शोधायला गेली तर तिथं भलतंच काहीतरी. मग तिच्या लक्षात आलं की यंत्राचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं, म्हणजे आपल्यामागे साडेपाच तास. नऊ चाळीस म्हणजे तिथले चार वाजून दहा मिनिटं. ती तिथं गेली. ओळी इंग्रजीत होत्या, मराठीत सांगायच्या तर अशा: ‘पैसे भरणे अयशस्वी.’ ‘पैसे भरणे अयशस्वी.’ ‘पुन्हा प्रयत्न करत आहे.’ ‘झाले.’ ‘पैसे भरणे अयशस्वी.’ आणि मध्येच एक ओळ: ‘इथे यायलाच नको होतं.’

मला हसू आलं. भाची हसली नाही.

‘कोणाचे पैसे? कोणती मागणी? काय ‘झाले’? काही लिहिलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘एका मिनिटात शंभर माणसांची कामं एकदम चालू असतात मामा. सगळ्यांच्या ओळी एकमेकींत मिसळलेल्या. यातली कोणाची कुठली, हे कसं ओळखायचं?’

‘ज्यानं लिहिलंय त्याला विचार ना.’

‘तो नोकरी सोडून गेला. दोन वर्षं झाली.’

त्या क्षणी माझ्या पोटात काहीतरी हललं. कारण असलं वाक्य मी स्वतः लिहिलेलं आहे. संगणकावर नव्हे, एका जाड लाल पुठ्ठ्याच्या रजिस्टरात. आणि त्या एका शब्दापायी एका सज्जन माणसाचं वर्ष कसं गेलं, ते मी पाहिलेलं आहे.

*

१९८६ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखेत अधिकारी होतो. नोकरीला चार वर्षं झालेली, वय अठ्ठावीस. बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचं एक खातं असतं. पैसे तर गेले, पण ते नेमके कोणत्या खात्यावर टाकायचे हे अजून ठरायचंय, अशी रक्कम तात्पुरती तिथं ठेवायची. पुढं मी कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा मित्र म्हणायचे, ‘सस्पेन्स तू बँकेतच शिकलास.’ विनोद म्हणून ठीक आहे. पण बँकेतला सस्पेन्स वाचकाला आवडण्यासारखा नसतो.

त्या वर्षीच्या जुलैमध्ये या खात्यातून ३,२०० रुपये रोख दिले गेले. शाखाधिकाऱ्यांनी व्हाउचर पास केलं, हेडकॅशियरनी पैसे मोजून दिले आणि सस्पेन्सच्या रजिस्टरात नोंद मी केली. तारीख बरोबर, रक्कम बरोबर, सही माझी. तपशिलाच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिला होता: ‘सूचनेनुसार’.

कोणाच्या सूचनेनुसार, कशासाठी, कोणाला, हे सगळं त्या दिवशी मला इतकं स्पष्ट ठाऊक होतं की लिहिण्याची गरजच वाटली नाही. शिवाय पावणेतीन वाजलेले, काउंटरवर गर्दी, कीर्द जुळवायची घाई.

पुढच्या मार्चमध्ये तपासनीस आले. आठ महिन्यांची जुनी नोंद, अजून उभीच. त्यांनी व्हाउचर मागितलं. व्हाउचरांचे गठ्ठे माळ्यावर होते आणि त्या पावसाळ्यात माळा गळला होता. त्या तारखेच्या गठ्ठ्याचा लगदा झालेला. शाखाधिकारी दिवाळीनंतर हृदयविकारानं वारले होते. मला विचारलं, ‘ही सूचना कोणाची?’ मी डोकं खाजवलं. खरोखर आठवेना. रोज दोन-दोनशे नोंदी करणाऱ्या माणसाला आठ महिन्यांपूर्वीची एक काय आठवणार? मग प्रश्न उरला तो पैसे ज्यांच्या हातून गेले त्यांचा. घेणाऱ्याची सही दाखवा. ती व्हाउचरच्या मागं होती आणि व्हाउचर नव्हतं.

हेडकॅशियर तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. गल्ल्यात दहा पैसे जास्त निघाले तरी रात्री आठपर्यंत बसून शोधणारा माणूस. त्यांना मेमो मिळाला. कोणी ‘चोर’ म्हणालं नाही. पण चहाच्या वेळी त्यांच्या टेबलाशी जमणारी माणसं कमी झाली. किल्ल्या दुसऱ्याकडे गेल्या. मुलीचं लग्न ठरत आलेलं होतं, ते ‘जरा पुढं’ गेलं. आणि मी रोज समोर बसत होतो. तो शब्द माझ्या हातचा आहे हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. अक्षर ओळखायला वेळ लागत नाही.

उलगडा झाला तो डिसेंबरात, त्यांच्या निवृत्तीला एक महिना उरला असताना. एक बांधकाम कंत्राटदार आपल्या राहिलेल्या बिलासाठी आमच्या विभागीय कार्यालयात गेला. तिथल्या कारकुनानं ‘इमारत दुरुस्ती’ची फाईल काढली. तीत या कंत्राटदाराचं आमच्या शाखेच्या छपराचं एक जुनं बिल होतं. विभागीय कार्यालयानं फोनवरून सांगितलं म्हणून आगाऊ रक्कम दिलेली. त्या बिलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘रोख दिले ३२००, स्क्रोल १७, ता. २२-७-८६’. अक्षर हेडकॅशियरांचं! खिडकीसमोर आलेल्या प्रत्येक कागदावर स्क्रोलचा क्रमांक टाकायची त्यांची सवय होती. कोणी सांगितलेलं नसताना. आमच्या शाखेतल्या रोख स्क्रोलात त्या तारखेला सतरा क्रमांकासमोर तीच रक्कम होती. दोन कार्यालयांतले दोन कागद, मधे साठ किलोमीटर, आणि त्यांना जोडणारा एक आकडा.

त्यांना एका ओळीचं पत्र मिळालं, ‘प्रकरण बंद करण्यात आले आहे.’ बस्स.

*

त्या रात्री मी भाचीला ही गोष्ट सांगितली. ती टाइप करता करता ऐकत होती. मग म्हणाली, ‘मामा, तुझ्या हेडकॅशियरनी जे केलं ना, तेच आम्ही हल्ली करायला लागलोय. ही वही जुनी आहे म्हणून रडतेय मी.’

पुढचे काही दिवस ती मला थोडं थोडं समजावत राहिली आणि मी माझ्या बँकेच्या भाषेत ते लावून घेत राहिलो. त्यातलं वाचकांनाही उपयोगी पडेल असं इथं सांगतो. आपण संगणकाचे कार्यक्रम लिहीत नसलो, तरी आपला पैसा, औषध, तिकीट, मुलांची फी हे सगळं आता या वह्यांतून जात असतं.

पूर्वी कार्यक्रम लिहिणारा मनात येईल ते वाक्य लॉगमध्ये टाकायचा. माणसानं वाचायला ते ठीक. पण दहा जणांच्या दहा तऱ्हा. एक ‘ग्राहक’ लिहिणार, दुसरा ‘युजर’, तिसरा नुसताच आकडा. लाखो ओळींत शोधायचं तर कोणता शब्द शोधायचा? म्हणून नवी रीत अशी की वाक्य लिहायचं नाही, रकाने भरायचे. वेळ अमुक. घटना ‘पैसे भरणे अयशस्वी’. मागणीचा क्रमांक अमुक. ग्राहकाचा क्रमांक अमुक. रक्कम अमुक. कारण: ‘बँकेचे उत्तर तीस सेकंदांत आले नाही’. कितवा प्रयत्न: पहिला. प्रत्येक रकान्याचं नाव साऱ्या कंपनीत एकच. याला ‘स्ट्रक्चर्ड लॉगिंग’ म्हणतात. आमच्या लेजरला छापील रकाने होते, ते याचसाठी. कोऱ्या वहीत आम्हांला कोणी हिशेब लिहू दिला नसता.

रकाने आले की प्रश्न विचारता येतात. ‘काल रात्री नऊ ते दहा या वेळात एकाच मागणीसाठी दोनदा पैसे गेलेले सगळे दाखव’, म्हटलं की यादी समोर. वाक्यांच्या ढिगाला हा प्रश्न विचारता येत नाही.

पण नुसते रकाने पुरत नाहीत. माझ्याही रजिस्टरला रकाने होतेच की! खरी गोम आहे ती नोंदीभोवतीच्या संदर्भात. हे लोक त्याला ‘मेटाडेटा’ म्हणतात. हे काम कोणासाठी चाललंय, कुठून सुरू झालं, कोणत्या टप्प्यावर आहे, कोणाच्या अधिकारानं. आणि यात सगळ्यांत मोलाचा तो एक क्रमांक.

पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना बँकेतलं पितळी टोकन आठवत असेल. चेक दिला की काउंटरवरचा कारकून तुमच्या हातात टोकन ठेवायचा आणि तोच आकडा चेकवर लिहायचा. मग चेक लेजरवाल्याकडे जाई, तिथून अधिकाऱ्याकडे, तिथून रोखपालाकडे. तीन टेबलं, तीन वह्या, पण आकडा तोच. शेवटी खिडकीतून हाक यायची, ‘टोकन नंबर सतरा!’ आणि बाकावरचा माणूस उठायचा. आपल्याला वाटायचं, टोकन ही रांग नीट लागावी म्हणून केलेली सोय. ती होतीच. पण त्या आकड्यामुळे पन्नास जणांचे पन्नास चेक एकमेकांत मिसळूनही वेगळे राहत, हेही तितकंच खरं.

संकेतस्थळावर आपण बोट लावतो तेव्हा आतमध्ये एक काउंटर नसतं, पंधरा-वीस असतात. पैशांचं वेगळं, पत्त्याचं वेगळं, वेळापत्रकाचं वेगळं, निरोप पाठवण्याचं वेगळं. बहुतेक वेगवेगळ्या यंत्रांवर. म्हणून दारातच प्रत्येक मागणीला एक टोकन द्यायचं आणि पुढच्या प्रत्येक काउंटरनं आपल्या नोंदीत ते लिहायचं. गंमत अशी की हे कार्यक्रम लिहिणाऱ्याच्या लहरीवर सोडायचं नाही. दारातच अशी व्यवस्था करायची की आत लिहिल्या जाणाऱ्या प्रत्येक ओळीला ते आपोआप चिकटेल. मी घाईत असलो तरी, कंटाळलो असलो तरी. १९८६ साली माझ्या पेनला अशी व्यवस्था असती तर!

गूगलच्या अभियंत्यांनी २०१० साली ‘डॅपर’ नावाच्या आपल्या यंत्रणेवर एक निबंध प्रसिद्ध केला. एका मागणीचा माग शेकडो यंत्रांतून कसा काढायचा, हे त्यात मांडलेलं होतं. २०२० साली वेबचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं त्या टोकनाचा एक सर्वमान्य नमुनाही ठरवून दिला. एकाच मागणीसोबत सगळीकडे जाणारा ३२ अक्षरांचा क्रमांक. कंपनी वेगळी असली तरी टोकन ओळखता यावं म्हणून. आमचं विभागीय कार्यालय आणि शाखा यांना जोडणारा ‘स्क्रोल १७’ तो हाच.

आणखी एक गोष्ट मला आवडली. प्रत्येक नोंदीला वजन असतं. अमेरिकेत बर्कली इथं एरिक ऑलमन यांनी १९८०च्या दशकात ‘सिसलॉग’ नावाची पद्धत सुरू केली. तिच्यात शून्यापासून सातपर्यंत आठ पायऱ्या आहेत. सात म्हणजे कारागिरानं स्वतःसाठी केलेली बारीकसारीक टिपणी, शून्य म्हणजे घराला आग लागली! यात शिस्त नसली की काय होतं ते मला विचारा. आमच्या मुख्य कार्यालयातून येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर ‘तातडीचे’ असा शिक्का असायचा. दिवाळीच्या शुभेच्छांवरसुद्धा. परिणामी खरोखर तातडीचं पाकीट टेबलावर चार दिवस पडून राहायचं.

*

हे सगळं ऐकून कोणी म्हणेल, यंत्रातल्या बारीक बाबी आहेत, त्या अभियंत्यांनी पाहाव्यात. मीही तसंच म्हणालो असतो. पण मग मला ब्रिटनमधल्या पोस्टाची हकिकत आठवली.

तिकडं गावोगावची लहान पोस्ट ऑफिसं कंत्राटावर चालवली जातात. किराणा दुकान आणि त्याच्या कोपऱ्यात पोस्टाचं काउंटर. १९९९ पासून या काउंटरांवर ‘होरायझन’ नावाची संगणक यंत्रणा बसवण्यात आली. फुजित्सू कंपनीची. हळूहळू ठिकठिकाणी हिशेबात तूट दिसू लागली. आज दोनशे पौंड, उद्या दोन हजार. तूट भरून देण्याची जबाबदारी पोस्ट चालवणाऱ्याची. कित्येकांनी बचत मोडली, घरं गहाण टाकली. ‘आम्ही पैसे घेतले नाहीत, यंत्र चुकतंय’ म्हणणाऱ्यांना सांगण्यात आलं की यंत्र चुकत नाही. १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा आरोपांखाली दोषी ठरवण्यात आलं. त्यांत भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा होत्या. २०१० साली त्यांना तुरुंगात पाठवलं तेव्हा त्या गरोदर होत्या.

ॲलन बेट्स या अशाच एका पोस्टचालकानं लोक एकत्र केले. ५५५ जणांच्या वतीनं चाललेल्या दाव्यात २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयानं निकाल दिला की त्या यंत्रणेत दोष होते आणि त्यांमुळे खोटी तूट दिसू शकत होती. आणि एक गोष्ट सिद्ध झाली, जी वाचून माझ्यातल्या बँकवाल्याच्या अंगावर काटा आला. फुजित्सूच्या माणसांना दूर बसून शाखेच्या हिशेबात नोंद घालता येत होती आणि काउंटरवरच्या माणसाला त्याचा पत्ताही लागत नसे. जुन्या यंत्रणेत तर अशी नोंद त्या बिचाऱ्यानंच केल्यासारखी दिसू शकत होती. पोस्ट खात्याची भूमिका मात्र वर्षानुवर्षं हीच होती की असं होऊच शकत नाही.

विचार करा. दुसऱ्यानं केलेली नोंद आणि खाली तुमचं नाव! सविस्तर नोंदी होत्या, पण त्या कंपनीच्या ताब्यात. ज्याच्यावर आळ, त्याला त्या हव्या तेव्हा पाहता येत नव्हत्या. २०२१ साली सीमा मिश्रांसह ३९ जणांची शिक्षा अपील न्यायालयानं रद्द केली. २०२४ साली ब्रिटिश संसदेनं खास कायदा करून उरलेल्या शेकडो शिक्षा पुसून टाकल्या. पण तोवर काही जण हे जग सोडून गेले होते.

‘ही नोंद कोणी केली?’ हा रकाना प्रामाणिक असता आणि तो पोस्टचालकांना वाचता आला असता, तर यातली किती घरं वाचली असती? आमच्या हेडकॅशियरांपाशी निदान स्वतःच्या हातानं लिहिलेला एक आकडा होता. या लोकांपाशी तेवढंही नव्हतं.

आपल्याकडेही कायद्याला याची जाण येऊ लागली आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी हिशेबासाठी अशीच संगणक प्रणाली वापरायची आहे, जी प्रत्येक व्यवहारातला बदल आणि त्याची तारीख टिपून ठेवील, आणि ही टिपणी बंद करता येता कामा नये. आमच्या काळचा नियम हाच होता. खाडाखोड करायची नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी सही. त्याआधी एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षा संस्थेनं आदेश काढला की आपापल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळा आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळवून ठेवा. घड्याळाचं कलम वाचून मी मान डोलावली. दोन वह्यांतल्या वेळा जुळत नसतील तर आधी काय आणि नंतर काय, हेच सांगता येत नाही. आणि आरोप खरा की खोटा, हे पुष्कळदा तेवढ्यावरच ठरतं.

*

आता दुसरी बाजू. सगळंच लिहून ठेवावं का? तर नाही.

२०१८ च्या मे महिन्यात ट्विटरनं जाहीर केलं की एका चुकीमुळे लोकांचे पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत लॉगमध्ये उघड्या अक्षरांत लिहिले गेले होते, तेव्हा सर्वांनी पासवर्ड बदलून घ्यावेत. चोरी झाल्याचा पुरावा नव्हता. पण ज्या वहीत घटना लिहायची त्या वहीत किल्लीच ठेवलेली! लॉग पुष्कळ लोक वाचतात, कारण तो वाचण्यासाठीच असतो. आमच्या शाखेत लेजर कारकुनापुढं उघडं असायचं, पण सहीच्या नमुन्यांची कार्डं अधिकाऱ्याच्या कुलपात. खातं कोणाचं हे लिहायचं. ते उघडण्याचं साधन लिहायचं नाही.

भाची म्हणते, रक्ततपासणीच्या धंद्यात तर हे आणखी नाजूक. कोणत्या माणसानं कोणती चाचणी सांगितली हे वाचून शेजारीपाजारी, नातेवाईक, नोकरी देणारे काय काय तर्क करतील! म्हणून लॉगमध्ये माणसाचं नाव नाही, फक्त क्रमांक. कार्डाचे शेवटचे चार आकडे. चाचणीचा निकाल तर मुळीच नाही. २०२३ साली संसदेनं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, तोही हेच बजावतो की ज्या कामासाठी माहिती घेतली त्यापुरतीच ती वापरा. म्हणजे दोन्हीकडून कसरत. उद्या येणाऱ्या अनोळखी माणसाला उलगडा व्हावा इतकं लिहायचं, आणि त्याच्या हाती दुसऱ्याचं खासगी आयुष्य लागू नये इतकं वगळायचं. कादंबरी लिहितानाही मला याहून वेगळं काही करावं लागत नाही.

*

त्या रात्री काय झालं ते सांगायचं राहिलंच.

तीन वाजता भाचीला सापडलं. बँकेकडून उत्तर यायला उशीर झाला. कार्यक्रमानं गृहीत धरलं की पैसे गेले नाहीत. मग त्यानं तेच जुनं टोकन दाखवून ‘याचं काय झालं?’ असं विचारायच्या ऐवजी नवं टोकन काढून पुन्हा पैसे मागितले. दोन्ही वेळा गेले. आणि नमुन्याची वेळ ठरवणाऱ्या काउंटरला एकाच मागणीची दोन टोकनं दिसली, तेव्हा ते गोंधळून थांबलं. ‘इथे यायलाच नको होतं’ ती ओळ त्या गोंधळाची. लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं, त्यानं अंदाजही बांधला होता की असं कधी होईल. फक्त कोणाचं झालं आणि का, हे लिहिलं नाही. माझ्यासारखंच.

लॉगवरून काही लागेना म्हणून भाचीनं बँकेच्या हिशेबाची यादी आणि कंपनीकडच्या मागण्या समोरासमोर ठेवल्या आणि रक्कम नि वेळ जुळवत एकेक माणूस हुडकला. आमच्या भाषेत टाचण करत. सव्वीस निघाले. रकान्यांची वही असती तर पाच मिनिटांचं काम होतं. पहाटे चारला तिनं त्या गृहस्थांच्या मुलाला स्वतः फोन केला आणि सहाला नमुना घेणारा माणूस त्यांच्या दारात होता. सकाळी सौ.नं उरलेली पुरणपोळी गरम करून पुढ्यात ठेवली, तेव्हा पोरगी बसल्याबसल्या झोपली होती. अंगावर पैठणी तशीच.

सुट्टी संपवून परत गेल्यावर तिनं ती वही बदलायला घेतली. महिनाभर लागला. वरिष्ठ म्हणाले, एवढ्या नोंदी साठवायच्या म्हणजे खर्च वाढेल. मुद्दा खोटा नव्हता. लॉग साठवायला पैसे पडतात. म्हणून बारीकसारीक टिपण्या थोडे दिवस ठेवायच्या, महत्त्वाच्या जास्त दिवस, असं तिनं ठरवून दिलं. पण टोकनाच्या बाबतीत ती हटली नाही.

आमच्या हेडकॅशियरांचा निरोप समारंभ ३१ जानेवारी १९८८ ला व्हायचा, पण तो रविवार होता म्हणून शनिवारीच उरकला. शाल, श्रीफळ, कोणीतरी भाषण केलं. नंतर ते टेबलाचा खण आवरत होते तेव्हा मी त्यांच्यापाशी गेलो. माफी मागायची म्हणून गेलो होतो. शब्द सुचेनात, आणि म्हणे मी लेखक होणार होतो! त्यांनीच खणातला पेन काढून खिशाला लावला आणि म्हणाले, ‘साहेब, तपशील लिहिताना कंजुषी करू नका. शाई बँकेची असते.’

याखेरीज ते त्या प्रकरणाबद्दल माझ्याशी कधी एक शब्द बोलले नाहीत. मुलीचं लग्न पुढच्या वैशाखात झालं. मला पत्रिका आली होती. मी गेलो नाही, तोंड दाखवायची लाज वाटली. ते आता नाहीत.

घरखर्चाची वही आमच्याकडे मी लिहितो. गेल्या आठवड्यात सौ. सहज उघडून वाचत होती: ‘नळदुरुस्ती, मोरीतला, रु. ३५०, रोख, कोपऱ्यावरच्या प्लंबरला, सौ.च्या सांगण्यावरून, पावती नाही, बुधवार सकाळ.’

‘साडेतीनशे रुपयांना एवढं?’ ती म्हणाली. ‘नुसतं ‘नळ’ लिहिलं असतं तर चाललं नसतं का?’

मी काही बोललो नाही. ‘सांगण्यावरून’ या शब्दाआधी नाव आहे ना, तेवढं पाहिलं आणि वही मिटली.